चोवीस तासांत सोळाशे किलोमीटर!

रविवारी भल्या पहाटे बेसा चौकातून, मागे बोचकी बांधलेल्या चार-सहा मोटरसायकली धडधडत वर्धा रोडकडे निघाल्या, की आपण कपाळाला आठ्या घालतो आणि दुधाच्या पिशव्या उचलून आत येतो. पण मैत्रिणींनो, त्यांतला एखादा आपल्याच घरातला असतो. भाचा, धाकटा दीर आणि हो, आता लेकसुद्धा! तेव्हा हा नाद आहे तरी काय, हे आपल्याला ठाऊक असलेलं बरं.

अमेरिकेत ‘आयर्न बट’ नावाची दुचाकीस्वारांची संघटना आहे. (नावाचं मराठी भाषांतर मी करत नाही, समजून घ्या!) 1984 मध्ये त्यांची पहिली मोठी मोहीम झाली. तिची प्राथमिक परीक्षा ‘सॅडलसोर’. चोवीस तासांत 1000 मैल, म्हणजे साधारण 1610 किलोमीटर. यात पहिला-दुसरा नंबर नसतो. पेट्रोलच्या पावत्या, त्यांवरची वेळ, गाडीच्या काट्यावरचा आकडा, साक्षीदाराची सही असा सगळा हिशेब आपल्या वाणसामानाच्या वहीसारखा जपून पाठवायचा. मग प्रमाणपत्र मिळतं. भारतातलीही कितीतरी मंडळी त्यामागे असतात.

आता जरा पाटी-पेन्सिल घ्या. नागपूर ते हैदराबाद सुमारे 500 किलोमीटर. म्हणजे हैदराबादला जायचं, परत यायचं, पुन्हा जायचं, तरी शंभरेक उरतातच. चौपदरी रस्त्यावर दुचाकीची कमाल वेगमर्यादा 2018 च्या अधिसूचनेप्रमाणे ताशी 80. 1610 ला 80 ने भागा. वीस तास येतात, तेही ना गाव लागलं, ना गुरं आडवी आली, असं धरून! उरल्या चार तासांत पेट्रोल, जेवणखाण, बाकीचं सगळं. झोप कुठे बसवायची? मुलं म्हणतील, समृद्धीनं जाऊ. तो महामार्ग आपल्या शिवमडक्यापासूनच सुरू होतो खरा, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे.

मला भीती वाटते ती या झोपेचीच. सलग सतरा तास जागलेला माणूस 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतका मंदावतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. आपल्या कायद्याची मर्यादा 30 ची. म्हणजे थेंबही न घेता पोरगा झिंगलेलाच! पहाटे दोन ते पाचच्या सुमारास तर डोळा क्षणभर मिटतो आणि मिटलेला कळतही नाही. पुढे दिवा नसलेली ट्रॉली उभी असली म्हणजे संपलंच. गंमत म्हणजे ही संघटना स्वतःच सांगते, वेगाचा नाद सोडा, थकण्याआधी थांबा, झोप आली की झोपा. आपली मुलं प्रमाणपत्र तेवढं बघतात.

मग हे खूळ बंदच करावं का? मला नाही तसं वाटत. पुण्यात 2011 मध्ये उर्वशी पाटोळे आणि फिरदौस शेख यांनी ‘बायकर्नी’ हा बायकांचा दुचाकी गट काढला. पुण्याच्याच रमिला लटपटे मार्च 2023 मध्ये गेटवे ऑफ इंडियापासून, चक्क नऊवारी नेसून, मोटरसायकलवर जगाच्या प्रवासाला निघाल्या. त्यांनी वर्षभराचा बेत आखला होता, चोवीस तासांचा नव्हे! रोज थोडं जायचं, रात्री पाठ टेकायची. जिद्द यालाही लागते, आणि माझ्या मते जास्तच.

तुमच्याकडे हट्ट धरलाच, तर आधी एका दिवसात तीनशे-चारशे किलोमीटर करून दाखव म्हणा. आदल्या रात्री लग्नाचं जागरण झालं असेल, तर बेत पुढे ढकलायला लावा. आपल्याकडच्या मे महिन्यात तर नावच नको. डब्यात तळकट देऊ नका. दशम्या, केळी, मीठ-साखर-लिंबाचं पाणी द्या. आणि काळजीपोटी दर तासाला फोन करू नका हं! चालत्या गाडीवर खिशात वाजणारा फोन घातकच. दर पेट्रोल पंपावरून त्यानंच करायचा, असं ठरवा. पावती घ्यायला तिथे थांबावं लागतंच.