चांदीची किटली आणि हॉस्टेलचं गेट

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे मराठीतल्या चुका पोटात घाला!

शाळेत इंटरमिजिएटच्या परीक्षेला स्थिरचित्र काढताना मला वाटायचं, किटली-कपबश्या काढणं म्हणजे निव्वळ मार्कांची कामं. परवा लायब्ररीत मेरी कसॅटचं ‘द टी’ पाहिलं आणि मत बदललं.

मेरी १८४४ मध्ये अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात जन्मली. चित्रकला शिकायला पॅरिसला गेली, पण तिथल्या सरकारी कलाशाळेत १८९७ पर्यंत मुलींना प्रवेशच नव्हता! मग खाजगी शिक्षक गाठले, लूव्र म्युझियममध्ये बसून जुन्या चित्रांच्या नकला केल्या. स्टुडिओचा खर्च चित्रं विकूनच निघाला पाहिजे, अशी वडिलांची अट. १८७७ मध्ये देगाने तिला इम्प्रेशनिस्टांच्या गटात बोलावलं.

गटातले पुरुष कॅफेमधलं पॅरिस रंगवायचे. घरंदाज बाईला तिथे एकटीने बसायची सोय नव्हती. मेरीने मग घरातला चहाच रंगवला.

‘द टी’ साधारण १८८० मधलं, आता बोस्टनच्या म्युझियममध्ये आहे. सोफ्यावर दोघी बसल्यात. एकीचा चेहरा तर कपाआड गेलाय! आणि पुढे लाल टेबलावर चांदीचा टी-सेट, माणसांइतक्याच तोऱ्यात. हा सेट कसॅटांच्या घरचाच, १८१३ च्या सुमारास फिलाडेल्फियात घडवलेला. माणसांच्या चित्रात तिने एक अख्खं स्थिरचित्र बसवलंय.

खरी गंमत चांदीत आहे. चकचकीत धातू आजूबाजूचेच रंग परत फेकतो, हे आपण फिजिक्समध्ये शिकलोय. त्यामुळे चांदी एकाच करड्या रंगाने भरून चालत नाही. पांढरे, करडे, आसपासच्या रंगांचे फटकारे शेजारी शेजारी ठेवावे लागतात. जवळून नुसते डाग, लांबून चकाकी!

आमच्या लेडीज हॉस्टेलचं गेट आठला बंद होतं. मुलं टपरीवर कटिंग मारतात, आम्ही खोलीतच चहा करतो (रेक्टर मॅडम, ही ओळ वाचू नका). काल स्टीलच्या पातेल्याकडे नीट पाहिलं. त्यात ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा होता, माझ्या ओढणीचा लाल रंग होता आणि वाकडी झालेली खिडकी होती. ड्रॉइंग शीटच्या मागे लगेच काढलं.

बंद दाराआड मेरीने उत्तम काम केलं, म्हणून दार बंद असणं बरोबर होतं असं नाही. त्या कलाशाळेचंही दार शेवटी उघडलंच ना?