जिन्यावरचे नऊ महिने

ग्लासगोत जुन्या इमारतींच्या सामाईक जिन्याला ‘क्लोस’ म्हणतात. आमचा क्लोस शहराच्या दक्षिणेला, शॉलंड्समध्ये. तांबड्या वालुकाश्माची चार मजली टेनमेंट, आठ बिऱ्हाडं, एकच दगडी जिना आणि मागे कपडे वाळत घालायचं सामाईक अंगण. पहिल्यांदा पाहिल्यावर नवरा म्हणाला, ‘ही तर चाळच!’ मी गिरगावात वाढलेली, मला ते पटलं नाही. चाळीला गॅलरी असते, दार सताड उघडं टाकून बसता येतं. इथं जिना गार, दारं बंद, आणि माणूस दिसतो तो हातात पिशव्या घेऊन धापा टाकत चढताना. असं असूनही २०२० च्या मार्चपासून पुढच्या वर्षीच्या जूनपर्यंत आमच्याकडे शेजारपाजार म्हणून जे काही उरलं, ते ह्याच जिन्यावर.

कोविडच्या त्या काळाबद्दल बोलताना जो तो सांगतो, बाहेर पडता येत नव्हतं. मला वेगळंच आठवतं. बाहेर आम्ही रोज पडत होतो. क्वीन्स पार्कमधल्या झेंड्याच्या खांबापर्यंत चढून गेलो नाही असा दिवस क्वचित गेला असेल. बंद झालं होतं ते कुणाचं घरात येणं.

गोष्ट सुरू होते ३१ डिसेंबर २०१९ च्या रात्री. स्कॉटलंडमध्ये वर्षाच्या या शेवटच्या दिवसाला ‘हॉगमने’ म्हणतात. बारा वाजून गेल्यावर घराचा उंबरठा पहिल्यांदा जो ओलांडेल, त्याच्या पायगुणावर घराचं वर्ष ठरतं. तो उंच, काळ्या केसांचा पुरुष हवा. येताना त्यानं कोळशाचा तुकडा, थोडं खायचं, थोडी व्हिस्की आणावी. पिंगट केसांचा नको. का, तर म्हणे व्हायकिंग लुटारू तसे असत. बाई तर नकोच. आमच्या वरच्या मजल्यावर एक बाई एकट्या राहतात, तेव्हा ७८ वर्षांच्या होत्या. आमची मुलं आपसांत त्यांना ‘वरच्या आजी’ म्हणतात. नवऱ्याचे काळेभोर केस पाहून त्यांनी त्याला कधीचंच हे काम देऊन टाकलं होतं. कोळसाही त्यांचाच, घरात शेगडी पेटायची त्या काळातला, बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवलेला. दरवर्षी दुपारी तो आमच्याकडे यायचा आणि रात्री नवऱ्याच्या हातून परत जायचा. त्या रात्रीही तो कोळसा, शॉर्टब्रेड आणि माझ्या चकल्या घेऊन हा वर गेला आणि २०२० चं स्वागत करून आला. पुढे वर्षभर त्या त्याला जिन्यात दिसला की म्हणत, ‘हा पाय तुझाच बरं का!’

२० मार्चला, शुक्रवारी, शाळा बंद झाल्या. सोमवारी रात्री लॉकडाउन जाहीर झाला. मी ज्या दंतवैद्यांकडे काम करते तो दवाखाना बंद पडला आणि सरकारच्या ‘फर्लो’ योजनेत माझा ८० टक्के पगार घरबसल्या सुरू राहिला. नवऱ्याचं ऑफिस झोपायच्या खोलीत आलं. लेकीची बोर्डाची परीक्षा स्कॉटलंडभर रद्द झाली होती, त्यामुळे तिला अचानक काहीच काम उरलं नाही. मुलगा प्राथमिकच्या शेवटच्या वर्गात. निरोप समारंभाविनाच त्याची शाळा संपणार होती, हे त्याला आमच्या आधी कळलं.

दुपारी साडेबाराला पोथी. म्हणजे एडिंबराहून स्कॉटलंडच्या तेव्हाच्या फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांची रोजची पत्रकार परिषद. पण घरात तिला पोथीच म्हणत असू. आकडे वाचले जायचे, शेजारी खुणांच्या भाषेत दुभाषा बोलायचा, मग प्रश्नोत्तरं. तोवर कुणी जेवायला बसायचं नाही. घरात राहा असं सगळ्यांना सांगणाऱ्या मुख्य वैद्यकीय अधिकारी कॅथरिन काल्डरवुड स्वतःच फाइफमधल्या आपल्या दुसऱ्या घरी जाऊन आल्या आणि ५ एप्रिलला त्यांना पद सोडावं लागलं. त्या दिवशी वरच्या आजींनी जिन्यातून जे उद्गार काढले, ते मुलांसमोर काढायला नको होते.

पुण्याला आईनं २२ मार्चला आरोग्यसेवकांच्या आभारासाठी थाळी वाजवली होती. चार दिवसांनी, गुरुवारी रात्री आठला, आमच्या रस्त्यावरच्या खिडक्यांतून आरोग्यसेवकांसाठी टाळ्या सुरू झाल्या. आईला फोनवर तो आवाज ऐकवला. तिचा प्रश्न एकच, ‘थाळी नाही?’ पुढच्या गुरुवारी मुलगा पातेलं घेऊन खिडकीत उभा.

किराण्याला ग्लासगोत ‘मेसेजेस’ म्हणतात. नवी असताना एका बाईंनी मला विचारलं, तुझे मेसेजेस आणू का? मी फोन काढून पाहिला होता. आता आजींचे मेसेजेस मी आणत होते आणि पिशवी त्यांच्या पायपुसण्यावर ठेवून, दार वाजवून, अर्धा जिना खाली उतरून उभी राहत होते. दुकानांत मैदा मिळेना. गिरण्या चालू होत्या, पण ब्रिटनमधलं पीठ बहुतेक सगळं मोठ्या गोण्यांतून आणि टँकरमधून बेकऱ्यांना जातं. घरगुती पिशव्यांचा वाटा जेमतेम ४ टक्के. सगळा देश एकाच आठवड्यात केक करायला बसल्यावर कमी पडल्या त्या पिशव्या. शेजारच्या पोलोकशील्ड्समध्ये अल्बर्ट ड्राइव्हवरच्या देशी दुकानांत मात्र कणकेची दहा किलोची पोती रचलेली होती. आमच्या अख्ख्या क्लोसनं त्या एप्रिलमध्ये कणकेचे स्कोन खाल्ले. चांगले लागत नाहीत. आजींनी तसं स्पष्ट सांगितलं, आणि आणखी पीठ मागितलं.

तळमजल्यावरच्या गृहस्थांचे वडील एप्रिलच्या शेवटी केअर होममध्ये वारले. पहिल्या लाटेत स्कॉटलंडमध्ये कोविडनं जे मृत्यू झाले, त्यांतले जवळजवळ निम्मे अशाच केअर होममधले. अंत्यविधीला अगदी जवळच्या मोजक्या माणसांनाच जाता येई. गाडी आमच्या रस्त्यावरून नेणार आहेत असं कळलं, तेव्हा आठही बिऱ्हाडं खाली उतरली आणि फुटपाथवर अंतर राखून उभी राहिली. गाडी चालत्या माणसाच्या वेगानं गेली. कुणी काही बोललं नाही. आमच्याकडे अशा वेळी शेजारी पिठलंभात घेऊन जातात. मी खिचडीचा डबा त्यांच्या दाराशी ठेवून आले. तिसऱ्या दिवशी डबा घासून आमच्या दाराशी आला, आत चॉकलेटं. डबा रिकामा परत करायचा नाही हे त्यांना कुणी शिकवलं, विचारायचं राहूनच गेलं.

२९ मेपासून दुसऱ्या एका घरच्या माणसांना उघड्यावर भेटायची परवानगी मिळाली. मागच्या अंगणात, कपड्यांच्या दोऱ्यांखाली, प्रत्येकानं आपापली खुर्ची आणि आपापला कप आणायचा. जूनमध्ये इथं रात्री दहालाही उजेड असतो; उठायचं कुणाला सुचायचं नाही. १९ जूनला नवा नियम आला. एकट्या राहणाऱ्या माणसाला दुसऱ्या एका घराशी जोडून घेता येईल, दोन्ही मिळून एक ‘विस्तारित कुटुंब’. सरकारनं अधिसूचना काढून एकत्र कुटुंब सुरू केलं, म्हणून आम्ही हसलो. पण जोडायचं घर एकच. आजींनी पेझलीच्या मुलाचं घर निवडलं, ते बरोबरच होतं. तरी दोन दिवस त्या आमच्याशी अपराधी चेहऱ्यानं बोलत होत्या, जणू आमच्याकडच्या लग्नाला यायचं त्यांनी नाकारलं होतं.

१० जुलैपासून घरात पाहुणे चालू लागले. त्या सात-आठ आठवड्यांत आम्ही फार कुणाला बोलावलं नाही. वाटलं, आता काय, होतच राहील. ऑगस्टमध्ये रद्द झालेल्या परीक्षांच्या निकालांचा गोंधळ झाला. शिक्षकांनी अंदाजानं दिलेल्या सुमारे १ लाख २५ हजार श्रेणी सूत्र लावून खाली आणल्या गेल्या, गरीब वस्त्यांतल्या मुलांच्या जास्त. पोरं जॉर्ज स्क्वेअरमध्ये फलक घेऊन उभी राहिली आणि आठवडाभरात सरकारनं शिक्षकांच्याच श्रेणी परत दिल्या. लेक ह्यातून सुटली होती. तिच्या मैत्रिणी सुटल्या नव्हत्या.

आणि १ सप्टेंबरच्या रात्री ग्लासगो आणि आसपासच्या भागापुरता नियम आला: दुसऱ्याच्या घरात जायचं नाही. दोन आठवड्यांसाठी, असं म्हणाले होते. पब उघडे होते. म्हणजे आजींना मी पबमध्ये भेटू शकत होते, माझ्या स्वयंपाकघरात नाही. संसर्ग घरगुती बैठकींतून पसरतोय हे कारण मला समजत होतं; पण नियम समजणं आणि दार उघडून ‘या’ न म्हणणं या वेगळ्या गोष्टी आहेत. महिन्याभरानं पबही बंद झाले, मग निर्बंधांच्या पातळ्या आल्या, ग्लासगो तिसऱ्या पातळीत, चौथ्या पातळीत, पुन्हा तिसऱ्या. नाताळचा एक दिवस सोडला तर दोन आठवड्यांचे नऊ महिने झाले.

क्लोस हा घरात धरायचा की बाहेर, यावर आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर वाद व्हायचे. मुलाचं म्हणणं, वर छप्पर आहे म्हणजे घरात. नवऱ्याचं म्हणणं, इतकी थंडी घरात नसते. १४ नोव्हेंबरच्या दिवाळीला मी प्रत्येक पायपुसण्याशेजारी एक पणती आणि कागदी पिशवीत फराळ ठेवला. खालून वरपर्यंत दार वाजवत गेलो आणि मधल्या वळणावर उभं राहून ओरडलो, ‘हॅपी दिवाळी!’ आठ दारं उघडली. दगडी जिन्यात आवाज घुमतो. दहा-पंधरा मिनिटं सगळे आपापल्या दारातून बोलत राहिले. कोण काय म्हणतंय ते कुणालाच नीट कळत नव्हतं.

३१ डिसेंबरला दुपारी आमच्या पायपुसण्यावर चांदीच्या कागदात गुंडाळलेला कोळसा मिळाला. कुणाच्या घरी जाऊ नका, असं पोथीत निक्षून सांगितलं होतं. नवऱ्याचे केस तोवर मी घरीच कापत होते आणि कानाशी ते स्पष्ट पांढरे झाले होते. हा पाय आता चालेल का, हीच शंका. बारा वाजता तो वर गेला, कोळसा आजींच्या दाराशी ठेवला, दार वाजवलं आणि सहा पायऱ्या खाली आला. त्यांनी दार उघडलं. झगा, शाल, हातात ग्लास. कोळसा काठीनं आत ओढून घेतला. ‘पाय आत पडलाच नाही,’ त्या म्हणाल्या. ‘म्हणजे या वर्षाचा दोष तुझा नाही.’

जानेवारीत शाळा पुन्हा लॅपटॉपवर गेल्या. आजींना लस मिळाली. एप्रिलमध्ये भारतात दुसरी लाट उसळली आणि आमच्या घरातलं घड्याळ साडेचार तास पुढे गेलं. इथं मध्यरात्र म्हणजे पुण्यात पहाट. सकाळी उठून पहिल्यांदा फोन बघायचा आणि बघायची भीती वाटायची. माझे मामा गेले. २३ एप्रिलला भारत ब्रिटनच्या लाल यादीत आला: गेलं तर परत येताना दहा दिवस हॉटेलात कोंडून घ्यायचं, एकट्या माणसानं १,७५० पौंड भरून. मी गेले नाही. जाऊ शकले असते का, याचा हिशेब मी अजून मांडते. तोच विषाणू मे महिन्यात आमच्या दक्षिण ग्लासगोत पसरला. बातम्यांत त्याचं नाव ‘इंडियन व्हेरियंट’. डेल्टा हे नाव महिनाअखेरीला आलं. वाण्याच्या रांगेत कुणी माझ्याकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं का, हे मला सांगता येणार नाही. मीच लोकांकडे बघत होते, एवढं खरं.

त्याच महिन्यात, १३ तारखेला, ईदच्या दिवशी, पोलोकशील्ड्सच्या केनमूर स्ट्रीटवर सकाळी दोन भारतीय माणसांना ब्रिटिश गृहखात्याच्या गाडीत बसवलं गेलं. एक जण गाडीखाली जाऊन आडवा झाला. मग शेजारी जमले, शेकड्यांनी, आणि हे आमचे शेजारी आहेत, सोडा यांना, असं म्हणत सुमारे आठ तास गाडी अडवून बसले. शेवटी सोडलं. लेक मला न सांगता गेली होती. घरी आली तेव्हा घसा बसलेला. मी रागावले, गर्दीत गेलीस म्हणून. ती म्हणाली, ‘आई, घरात जायची बंदी आहे. रस्त्यावर जायची नाही.’

५ जून २०२१, शनिवार. त्या दिवसापासून ग्लासगोत पाहुणा घरात येऊ शकत होता. चारला आजींना चहाला बोलावलं होतं. पाहुण्यांचे कप कुठे ठेवलेत, हे कुणालाच आठवेना. बैठकीच्या खोलीतल्या चांगल्या खुर्चीत नवऱ्याचा मॉनिटर ठाण मांडून बसलेला. चारला दोन मिनिटं असताना दार वाजलं. आजी उंबरठ्याबाहेर उभ्या होत्या, लिपस्टिक लावून, मुठीत काहीतरी धरून. मी ‘या’ म्हटलं. त्या हलल्या नाहीत.

‘नऊ महिन्यांत ह्या दारातून आत येणारी पहिली कोण, मी?’ त्या म्हणाल्या. ‘पांढऱ्या केसांची म्हातारी? शक्यच नाही. त्याला बोलव.’

नवरा पायात सपाता, अंगात घरची बंडी अशा अवतारात बाहेर आला. त्यांनी त्याला जिन्यात घेतलं, मुठीतला कोळसा त्याच्या हातात दिला, मागून हलकेच ढकललं आणि तो स्वतःच्याच घरात पाहुणा म्हणून शिरला. मग त्यांनी पायपुसण्यावर बूट घासले, दोनदा, आणि आत आल्या.

गॅसवर चहा उतू गेला होता.