जमिनीतील वीज आणि जस्ताचा जमाखर्च

ओलसर जमिनीत दोन वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या पुरून त्यांना तारा जोडल्या, की मापकाचा काटा हलतो आणि जमीनच वीज देत आहे असा पाहणाऱ्याचा समज होतो. या साधनाला ‘अर्थ बॅटरी’ म्हणतात. शालेय विज्ञान प्रदर्शनात ती कौतुकाचा विषय ठरते. मात्र ‘फुकट वीज’ या शब्दांना भुलून कोणी तिच्यासाठी पैसा गुंतवू पाहत असेल, तर आधी तिचा हिशेब तपासणे अगत्याचे आहे.

ही कल्पना जुनी आहे. स्कॉटलंडचे घड्याळजी अलेक्झांडर बेन यांनी १८४१ मध्ये विद्युत घड्याळाचे पेटंट घेतले आणि पुढे जमिनीत पुरलेल्या जस्त व तांब्याच्या पत्र्यांवर घड्याळ चालविले. अमेरिकेतील केंटकी राज्याचे नेथन स्टबलफील्ड यांनी १८९८ मध्ये अशाच प्रकारच्या घटाचे पेटंट मिळविले.

वीज येते कोठून?

ओल्या मातीतील क्षारांमुळे जस्त हळूहळू झिजते. झिजताना त्यातून सुटणारे इलेक्ट्रॉन तारेवाटे तांब्याकडे जातात. हाच विजेचा प्रवाह होय. माती केवळ मध्यस्थाचे काम करते, भांडवल जस्ताचे असते. व्यापाराच्या भाषेत सांगायचे, तर हे व्याज नसून मुद्दलातून काढलेली उचल आहे.

ही उचल मोजता येते. १ किलो जस्त पूर्ण झिजले, तर सुमारे ८२० अँपिअर-तास वीज मिळते. दाब ०.७ व्होल्ट धरला, तर ही वीज जेमतेम अर्ध्या युनिटहून थोडी अधिक भरते. एवढ्यासाठी काहीशे रुपयांचे जस्त खर्ची पडते. महावितरणचे अख्खे युनिट मात्र काही रुपयांत मिळते.

प्रवाहही अत्यल्प असतो. तळहाताएवढ्या दोन पट्ट्यांतून १ मिलिअँपिअर प्रवाह मिळतो असे मानले, तर आजच्या मोबाइलची बॅटरी एकदा भरण्यास सलग तीन वर्षे लागतील. याउलट काट्यांऐवजी आकडे दाखविणाऱ्या लहान डिजिटल घड्याळास इतकी अल्प वीज लागते, की ते अशा घटावर सहज चालू शकते. साधनाची पात्रता ओळखून त्यास काम द्यावे, हेच खरे.

आपल्या जिल्ह्यातील माती

अहिल्यानगर जिल्ह्यातील काळी जमीन ओल धरून ठेवते, तर प्रवरेच्या कालव्याखालील काही जमिनी अतिपाण्याने खारवटल्या आहेत. अशा मातीतून प्रवाह सुलभतेने वाहतो. पण खारटपणा वाढला की जस्ताची झीजही वाढते. पारनेर किंवा पाथर्डीकडील हलक्या जमिनीत उन्हाळ्यात ओल आटताच प्रवाह जवळजवळ थांबतो.

मुलांना हा प्रयोग घरी करता येईल. दोन कुंड्यांत ओली माती भरावी. प्रत्येकीत जस्ताचा मुलामा दिलेला खिळा व तांब्याची जाड तार एकमेकांना न टेकता रोवावी. पहिल्या कुंडीतील तांबे दुसरीतील खिळ्यास जोडल्यास दोन्हींचा दाब एकत्र होतो. कुंड्या वेगळ्या असणे आवश्यक आहे; एकाच जमिनीत कितीही जोड्या रोवल्या, तरी त्या मातीतूनच परस्परांशी जोडल्या जातात आणि दाब अपेक्षेप्रमाणे वाढत नाही.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. घराच्या किंवा दुकानाच्या अर्थिंगच्या खड्ड्यास वा तारेस कदापि हात लावू नये. अर्थिंग आणि न्यूट्रल यांच्यामध्ये दिवा लावून ‘जमिनीची वीज’ दाखविण्याचा प्रकार तर जिवावर बेतू शकतो. तेथे येणारी वीज जमिनीची नसून घरातील जोडणीचीच असते.

जस्ताच्या या झिजेचा खरा उपयोग अन्यत्र होतो. जमिनीखालील पोलादी नळांना जस्ताचे वा मॅग्नेशियमचे तुकडे जोडतात; ते स्वतः झिजून नळांना गंजण्यापासून वाचवितात.

घराला किंवा शेताला वीज हवी असेल, तर दृष्टी जमिनीखाली नव्हे, आकाशाकडे वळवावी. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीने शेतीपंपांसाठी सौरऊर्जेचा मार्ग जिल्ह्याला दाखविला आहे. सूर्याची वीज खऱ्या अर्थाने उत्पन्न आहे. अर्थ बॅटरीची वीज ही जस्ताची खर्चाची बाजू आहे. हा भेद मुलांना दोन कुंड्यांतून समजला, तर ‘फुकट’ म्हणून पुढे येणाऱ्या कोणत्याही योजनेचे मुद्दल कोण देतो, हे विचारण्याची सवय त्यांना लागेल.