तालिका पडताळणी (ग्रंथालय)

तालिका पडताळणी म्हणजे एखादा ग्रंथ अन्य ग्रंथालयाकडून मागवण्यापूर्वी तो आपल्याच संग्रहात आहे का, हे ग्रंथालयाच्या तालिकेत शोधून पाहणे होय. आंतरग्रंथालयीन देवघेवीची ही पहिली पायरी आहे.

आवश्यकता

ग्रंथ बाहेरून मागवताना वेळ व टपालखर्च लागतो. शिवाय पाठवणाऱ्या ग्रंथालयाचे वाचक तेवढा काळ त्या ग्रंथाला मुकतात. शि. रा. रंगनाथन यांच्या १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवावा असे सांगते.

मराठी ग्रंथांबाबतच्या अडचणी

पुष्कळदा ग्रंथ कपाटात असूनही त्याची नोंद सापडत नाही. याची प्रमुख कारणे अशी:

• टोपणनाव: वि. वा. शिरवाडकरांची कविता ‘कुसुमाग्रज’ या नावाने, तर राम गणेश गडकऱ्यांची ‘गोविंदाग्रज’ या नावाने प्रसिद्ध आहे. म्हणून दोन्ही नावांनी शोध घ्यावा.
• लेखनभेद: १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या ग्रंथनामांत आज न लिहिले जाणारे अनुस्वार आढळतात.
• लिपी: काही संगणकीय तालिकांत मराठी शीर्षके रोमन लिपीत नोंदलेली असतात.

पद्धत

ग्रंथनाम, ग्रंथकार आणि विषय अशा तिन्ही अंगांनी शोधावे. नियतकालिकातील लेखाची स्वतंत्र नोंद सहसा नसते. त्यासाठी नियतकालिकाचे नाव व वर्ष पाहावे. ग्रंथ दुसऱ्या वाचकाकडे असल्यास तो राखून ठेवण्यास सांगता येते. नोंद न मिळाल्यास ग्रंथपालाला विचारावे आणि त्यानंतरच संघ तालिकेकडे वळावे.