बालपणीचे घाव आणि तरुणांची झोप



फणसवाडीच्या चाळींत ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना लाकडी जिन्याचा आवाज समजावून सांगायला नको. पायरी कशी करकरली त्यावरून कोण आले ते खोलीतल्या माणसाला कळते. आजच्या विषयाचा आरंभ आम्ही ह्या जिन्यापासूनच करणार आहोत.

आमच्या युनियनमध्ये कंत्राटी काम करणारा एक तेवीस वर्षांचा तरुण होता. त्याचे खाडे वाढले, कामावर उशीर होऊ लागला. मुकादमाने त्याला कामचोर ठरविले. आणि खरे सांगायचे तर मनातून आम्हीही तेच म्हटले. चार वर्षांपूर्वी त्याला डिप्रेशनचा आजार झाला होता, पण उपचारांनी तो बरा झाला होता. मग आता काय होते, असा आमचा रोकडा सवाल. तो म्हणाला, "काका, आजार गेला, पण झोप परत आली नाही. जिना वाजला की मी जागा." लहानपणी बाप दारू पिऊन मध्यरात्री घरी येई. आज मार आहे की नाही, हे ह्या पोराला पावलांवरून ओळखावे लागे. बाप वारून सहा वर्षे झाली होती. पोरगा अजून पावले ऐकत होता.

आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत फार झाले. परंतु त्या दिवसानंतर आम्ही जाणत्यांना विचारले, मिळेल ते वाचले. त्यातून समजले ते असे. झोपणे म्हणजे पहारा सोडणे. ज्या मुलाला रात्रीच धोका असतो, त्याचे शरीर रात्री पहारा द्यायला शिकते. कान टवकारलेले राहतात, नाडी जलद चालते, ताणाच्या वेळी शरीरात स्रवणाऱ्या द्रव्यांचे रोजचे वेळापत्रक बिघडू शकते. त्या वयात हे शहाणपणच असते. पण धोका टळल्यावर पहारा उठविण्याचा हुकूम शरीराला आपोआप मिळतोच असे नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये १९९५ ते १९९७ ह्या काळात १७,००० हून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणाविषयी विचारण्यात आले. मारहाण, अत्याचार, हेळसांड, घरातले व्यसन अशांपैकी निदान एक गोष्ट जवळजवळ दोन-तृतीयांश लोकांनी सांगितली. ज्यांनी अशा पाच वा अधिक गोष्टी सोसल्या होत्या, त्यांच्यात झोप न लागण्याची वा मोडण्याची तक्रार, काहीही न सोसलेल्यांच्या मानाने, सुमारे दुप्पट आढळली. असे सोसलेला प्रत्येक जण आजारी पडतो असे नव्हे, आणि झोप न येणाऱ्या प्रत्येकाच्या मागे असा इतिहास असतो असेही नव्हे.

आता मुख्य मुद्दा. डिप्रेशन ओसरते, मन उभारी धरते, माणूस कामावर जातो. पण झोपेची तक्रार पुष्कळदा मागे राहते. लोक म्हणतात, "एवढे बरे वाटते ना, मग झोपेचे काय घेऊन बसलास?" ही समजूत धोक्याची आहे. ज्याची झोप सतत मोडते त्याला पुढे डिप्रेशन होण्याचा संभव सुमारे दुप्पट असतो, असे अनेक अभ्यासांचा एकत्र विचार करून २०११ साली दाखविण्यात आले. म्हणजे झोप ही किरकोळ थकबाकी नव्हे. ती तशीच ठेवली तर जुना आजार त्याच वाटेने परत येऊ शकतो.

घाव केवळ मारानेच होतो असे नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणीसंप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे, लालबागला राहात होतो. त्या संपाचा हिशेब आम्ही मजुरीत, बोनसात आणि गेलेल्या नोकऱ्यांत पुष्कळदा मांडला. पण रात्री दिवा मालवल्यावर उद्याच्या धान्याची चिंता आईबाप कुजबुजत बोलत आणि पोरे डोळे मिटून सारे ऐकत, ह्याचा हिशेब आमच्या एकाही मागणीपत्रात आला नाही.

उपाय आहे. निद्रानाशासाठी विचार आणि सवयी बदलणारी एक उपचारपद्धती आहे. अमेरिकेतील वैद्यांच्या संस्थेने २०१६ साली तीच प्रथम द्यावी असे सांगितले. तिच्यातली काही सूत्रे एका खोलीच्या घरातही पाळता येतात. उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी, सुट्टीच्या दिवशीही. डोळे जड झाल्यावरच वळकटी सोडावी. बराच वेळ झोप लागली नाही तर कूस बदलत न राहता उठून गॅलरीत शांत बसावे आणि पुन्हा झोप आल्यावर आडवे व्हावे. अंथरूण ही काळजी करण्याची जागा होता कामा नये. झोपेसाठी दारू घेऊ नये. गोळ्या आपल्या मनाने सुरू वा बंद करू नयेत. जुनी भीती छळत असेल, वाईट स्वप्ने पडत असतील, उदासी परतत असेल, तर डॉक्टरांना गाठावे. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर आहे, ती विनामूल्य आहे.

आणि हे एकट्याने करण्याचे काम नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने विमा कंपन्यांना शरीराच्या आजारासारखाच मनाचा आजारही विम्यात घ्यावयास लावले आहे. हा हक्क किती कामगारांना ठाऊक आहे? आमच्या त्या तरुणासाठी आम्ही भांडून एवढेच मिळविले की, दर आठवड्याला फिरणारी पाळी बंद होऊन त्याला कायमची दिवसपाळी मिळाली. उपचार त्याने स्वतः नेटाने घेतले. जिना वाजला की तो अजूनही कधीकधी जागा होतो. पण पुन्हा झोपतो. खाडे थांबले आहेत.

आठ तासांच्या दिवसासाठी कामगार लढले तेव्हा कामाच्या आठ तासांबरोबर विश्रांतीचे आठ तासही त्यांनी मागितले होते. ते तास कागदावर मिळून भागत नाही. पोराला उशीर झाला तर त्याला कामचोर म्हणण्याआधी, रात्री झोप लागली का, एवढे विचारावे. त्याने कारण सांगितलेच पाहिजे असा आग्रह मात्र धरू नये. आम्ही हा प्रश्न उशिरा विचारला. आपण तो वेळेवर विचारावा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.