मोडेमचे काम मोडेमला, राऊटरचे राऊटरला

टेलिफोनच्या तारेवरून येणारे डीएसएल ब्रॉडबँड अजूनही काही घरांत आहे. आतल्या खोलीत वायफाय पोचत नाही, म्हणून जुन्या मोडेमला बाजारातला नवा राऊटर जोडला जातो. दोन्हींवरचे दिवे लागतात, पण इंटरनेट काही चालत नाही. अशा वेळी यंत्रात बिघाड असतोच असे नाही. अनेकदा दोन्ही यंत्रे एकच काम करू पाहत असतात.

आपला आवाज तांब्याच्या तारेतून जाताना सुमारे ४ किलोहर्ट्झपर्यंतचीच जागा घेतो. त्याच्या बऱ्याच वर, सुमारे २५ ते ११०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, एडीएसएलची माहिती धावते. म्हणूनच बोलणे आणि इंटरनेट एका तारेवर एकाच वेळी चालतात. स्प्लिटर त्यांना वेगळे करतो. या लहरींचे संगणकाला समजणाऱ्या माहितीत रूपांतर करणे, हे मोडेमचे काम.

राऊटरचे काम निराळे. कंपनीकडून घराला साधारणपणे एकच पत्ता मिळतो. राऊटर तो घरातल्या सर्व फोन, लॅपटॉप आणि टीव्हींमध्ये वाटून देतो आणि बाहेरून आलेली माहिती ज्याची त्याला पोचवतो. पण बहुतेक डीएसएल मोडेममध्ये राऊटरही असतो. मग एका घराला दोन कारभारी होतात. दोघांचाही अंतर्गत पत्ता १९२.१६८.१.१ असेल, तर घर कोणते आणि बाहेर कोणते हेच नव्या राऊटरला कळत नाही. पत्ते वेगळे असले, तरी घरातला कॅमेरा बाहेरून पाहताना दोन दारे ओलांडावी लागतात आणि तिथे अडचण येऊ शकते.

यावर उपाय म्हणजे मोडेम ‘ब्रिज मोड’वर ठेवणे. आधी कंपनीने दिलेले युजरनेम आणि पासवर्ड, तसेच मोडेममधील व्हीपीआय आणि व्हीसीआय हे आकडे लिहून घ्यावेत. लॅपटॉप केबलने मोडेमला जोडून त्याचे सेटिंग उघडावे आणि जोडणीचा प्रकार ‘ब्रिज’ निवडावा. ते दोन आकडे बदलू नयेत. मोडेमचे वायफाय बंद करावे. मग मोडेमच्या लॅन पोर्टातून निघालेली केबल राऊटरच्या वॅन पोर्टात लावावी. राऊटरमध्ये ‘पीपीपीओई’ निवडून युजरनेम आणि पासवर्ड भरावा. एमटीयू १४९२ ठेवावा, कारण १५०० बाइटांपैकी ८ बाइट पीपीपीओई स्वतःसाठी घेते. शेवटी आधी मोडेम सुरू करावा; डीएसएलचा दिवा स्थिर झाला की राऊटर.

मोडेमलाच टेलिफोन जोडलेला असेल, तर ब्रिज केल्यावर तो बंद पडू शकतो. म्हणून कंपनीला आधी विचारावे. ब्रिज शक्य नसेल, तर राऊटर ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर ठेवावा. मग तो फक्त वायफाय पसरवतो आणि कारभार मोडेमकडेच राहतो.

यात प्रश्न फक्त वेगाचा नाही. इंटरनेटच्या बाजूला जे यंत्र राऊटरचे काम करते, तेच घराचे राखणदार असते. जुलै २०१७ मध्ये भारतात बीएसएनएलच्या ग्राहकांकडील मोडेमवर मालवेअरचा हल्ला झाला, तेव्हा मूळचा पासवर्ड न बदललेले मोडेम त्यात सापडले. त्याआधी नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत घरगुती राऊटरांवरील हल्ल्यामुळे डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची सेवा विस्कळीत झाली होती. ज्या जुन्या मोडेमला सुरक्षा अपडेट मिळत नाहीत, त्याला या राखणदारीतून मोकळे करणे हा ब्रिज मोडचा मोठा फायदा आहे.

मात्र ही जबाबदारी आता नव्या राऊटरवर येते. त्याचा मूळचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा आणि अपडेट वेळेवर करावेत. एवढे केले नाही, तर राखणदार बदलला, पण दार उघडेच राहिले, असे होईल.