एका फुटाला साडेतीन मिलिमीटर

मुलांनो, भूगोलाच्या पुस्तकात नकाशाखाली 'प्रमाण' दिलेले असते. १ सें.मी. म्हणजे इतके किलोमीटर. या प्रमाणाच्याच जोरावर काही लोक टेबलावर मावेल अशी आगगाडी बनवतात. नुसती गाडी नाही बरं का! पूल, डोंगर, स्टेशन आणि लाकूड कापायची गिरणीसुद्धा. अमेरिकेत हा छंद मोठ्या माणसांनाही आहे. अशी गिरणी कशी बनवतात ते पाहू.

आधी खऱ्या गिरणीची माहिती घेऊ. अमेरिकेतल्या डोंगराळ जंगलांतून ओंडके आणायला आगगाडी असे. चढ उभा, वळणे अवघड. साधे इंजिन तिथे घसरायचे. मिशिगन राज्यात एफ्राइम शे नावाचे लाकडाचे व्यापारी होते. दातेरी चक्रांच्या मदतीने सगळी चाके फिरवणारे इंजिन त्यांनी तयार केले आणि १८८१ साली त्याचे पेटंट मिळवले. वेस्ट व्हर्जिनिया राज्यात कॅस नावाचे गाव आहे. तिथे १९०२ साली मोठी गिरणी सुरू झाली. १९६० साली ती बंद पडली, पुढे आगीत जळाली. शे इंजिने मात्र तिथे आजही प्रवाशांना घेऊन डोंगर चढतात. अशी गिरणी पाहायची तर आता फोटो, नाहीतर नमुना. म्हणून नमुना खरा हवा. चुकीचा असला तर पाहणाऱ्याला चुकीचीच माहिती मिळेल.

नमुन्याचे खूप चालणारे प्रमाण १:८७ आहे. त्याला 'एच-ओ' म्हणतात. प्रत्येक मापाला ८७ ने भागायचे. सोपी युक्ती अशी की, १ फुटाला साडेतीन मिलिमीटर धरायचे.

६ फूट उंच माणूस – २१ मि.मी.
१६ फूट लांब ओंडका – ५६ मि.मी.
१२० फूट लांब गिरणी – ४२० मि.मी.
१ इंच जाड फळी – सुमारे ०.३ मि.मी.

काडेपेटीतली काडी साधारण २ मि.मी. जाड असते. ८७ ने गुणले तर १७ सें.मी.च्या पुढे जाते! म्हणजे ती खांबाला चालेल, फळीला चालायची नाही. फळीसाठी जाड कागदाएवढी पातळ पट्टी लागते.

भिंती उभारण्याआधी ओंडक्याची वाट ठरवावी लागते. गाडीतून ओंडके तळ्यात पडतात. तळे कशाला? पाण्यात जड ओंडका एकटा माणूस काठीने ढकलू शकतो. शिवाय माती-खडे धुऊन जातात, नाहीतर करवतीची धार बोथट होईल. तळ्यातून साखळी ओंडक्याला उतारावरून वरच्या मजल्यावर ओढते. तिथे तो रुळावरच्या गाड्यावर बसतो आणि पुढे-मागे होत करवतीखाली जातो. मग फळ्यांच्या कडा सरळ करतात, टोके कापतात. फळ्या थरांत रचतात. थरांमध्ये बारीक पट्ट्या ठेवतात, म्हणजे वारा खेळून लाकूड वाळते. उरलेला भुसा आणि साली बॉयलरखाली जातात. त्याच वाफेवर करवत फिरते. वाळत घातलेल्या फळ्या बॉयलरपासून दूर हव्यात. तिथे ठिणगीची भीती असते. नमुन्यात यातले काहीच हलत नसले, तरी जाणकार माणूस ही वाट नजरेने चालून पाहतो. मध्येच ती तुटली तर लगेच ओळखतो.

काही गोष्टी मात्र लहान करता येत नाहीत. पाण्याचा थेंब थेंबाएवढाच राहतो. म्हणून तळ्यात पाणी घालत नाहीत, व्हार्निशचे पातळ थर देतात. खरा भुसाही तसाच चालत नाही. १ मि.मी.चा कण तिथे ८७ मि.मी.चा ठोकळा वाटेल! भुसा वस्त्रगाळ करून मगच पसरायचा.

करून पाहा : आपल्या वर्गाची लांबी, रुंदी आणि दाराची उंची फुटांत मोजा. प्रत्येक आकड्याला साडेतीनने गुणा. तेवढ्या मिलिमीटरांचा पुठ्ठ्याचा वर्ग बनवा. साडेपाच फुटांचे गुरुजी त्यात सुमारे १९ मि.मी.चे होतील. गुरुजी न वाकता दारातून आत गेले, तर समजा गणित बरोबर!